टी, एस, आर, ई, ए

१

मार्च लागला की शाळा सकाळची होते आणि मास्तरलोक दुपारी घरी जाऊन पंख्याखाली पडतात. कोसमटोल्याच्या साधना मॅडमच्या नशिबात तेही नव्हतं. साडेअकराला पोरं खिचडी खाऊन पळाली की सव्वाबाराला तिचा दुसरा वर्ग सुरू व्हायचा. त्यात सहा बाया होत्या. सगळ्यात लहान भाग्यश्री तिशीची आणि सगळ्यात मोठी गोकुळाबाई, जिचं वय तिच्या आधार कार्डालाही नक्की माहीत नव्हतं.

या सहाजणी मागच्या वर्षी साक्षरतेची परीक्षा पास झाल्या, हा साधनाचाच गुन्हा. सत्काराच्या दिवशी केंद्रप्रमुख गुणवंतराव माइकवरून बोलून गेले की आता आमच्या भगिनी इंग्रजीही शिकतील. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी शिकवायला येणार नव्हतं. चाळीस दिवसांचा उपक्रम, रोज एक फोटो ग्रुपवर, आणि फोटो टाकायला तलावाच्या पाळीवर जाऊन उभं राहायचं, कारण मोबाइलवर इंटरनेट तिथंच चालायचं.

साहित्य म्हणून सात डब्या आल्या. झाकणावर एबीसीडी आणि हसणारं हत्तीचं पिल्लू. आत सव्वीस अक्षरं हवी होती, निघाली पाच. ई, ए, आर, टी, एस. सातही डब्यांत तीच पाच.

तिने गुणवंतरावांना फोन लावला.

"सर, एकवीस अक्षरं गायब आहेत."

"सगळ्याच डब्यांत?"

"सगळ्याच."

"मंग तं तसाच सेट असंन मॅडम. जे आलं ते वापरा. साहित्य पडून नाई राह्यलं पाहिजे."

साधनाने फोन ठेवला. मग तिने फळ्यावर ती पाच अक्षरं लिहिली आणि त्यांच्यातून काय काय निघतं ते काढत बसली. टी. ईट. सीट. रेट. रेस्ट. सेट. स्टार. आर्ट. रॅट. निघत होतं बऱ्यापैकी. बायांना तर हे फारच आवडलं, कारण यातले निम्मे शब्द त्यांच्या तोंडात आधीपासूनच होते. आशाबाई आरमोरीच्या बाजारात मासोळी विकायची. तिने आर, ए, टी, ई लावून 'रेट' केला आणि पोटाशी हात धरून हसली. "हे इंग्रजी होय? मी तं रोजच बोलते."

गोकुळाबाई मात्र रोज फक्त 'टी' करायची आणि चहा मागायची. तिला इंग्रजी हवं होतं ते गोळ्यांसाठी. बीपीच्या आणि सांधेदुखीच्या पाकिटांचा रंग एकच होता. गेल्या पावसाळ्यात अदलाबदल झाली आणि ती चुलीपुढे पडली होती. "नाव वाचता आलं म्हंजे झालं," ती म्हणायची. "मले काही कलेक्टर नाई होयाचं."

वर्गाचा एक नियम साधनाने पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. डोक्यावर पदर घ्यायचा नाही. इथे कोणी सासरा नाही, नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा नाही. लग्न झाल्यावर तिने स्वतः सासऱ्यापुढे डोकं झाकलं नव्हतं आणि त्यापायी सात महिने घरात कोणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. त्या सात महिन्यांची किंमत तिला माहीत होती, म्हणून या नियमाबाबत ती कडक होती. बायांनी पहिले दोन दिवस लाजत पाळला, मग सवय झाली.

२

बाराव्या दिवशी आशाबाईच्या पुढे पाचही अक्षरं ओळीत लागलेली दिसली. टी, एस, आर, ई, ए.

"हे काय लावलं?" साधना म्हणाली.

"शब्द."

"कोणता?"

आशाबाईने ओळीकडे पाहिलं, मग साधनाकडे. "इंग्रजीच तं आहे मॅडम."

"असा शब्द नसतो. टी, एस, आर, तिन्ही एकापाठोपाठ. जीभ कुठून वळवणार? वाचून दाखवा बरं."

"वाचला मी."

"मोठ्यानं वाचा."

आशाबाई हसली. पण 'रेट'वर हसली होती तशी नाही. नव्या नवरीला नवऱ्याचं नाव विचारलं की ती हसते, तसं. "तोंडानं नाई घेत, मॅडम," ती म्हणाली.

साधनाने हाताने अक्षरं विस्कटली आणि तिला 'स्टार' करायला लावलं. आशाबाईने केला. पुढे तासभर ती शहाण्यासारखी बसली होती.

दुसऱ्या दिवशी शकुबाईने तेच केलं. शकुबाई शाळेची खिचडी शिजवायची, तिची सून भाग्यश्रीही वर्गात असायची, आणि शकुबाई आशाबाईपासून पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसली होती. तीच ओळ, त्याच क्रमाने. साधनाचं डोकं फिरलं. नक्कल करायची तर नीट शब्दाची करावी. चुकीची नक्कल कोण करतं? तिने सगळ्यांच्या जागा बदलल्या, मधे हात-हात अंतर ठेवलं, आशाबाईला दाराशी बसवलं. शुक्रवारी उरलेल्यांतल्या दोघींनी, एकमेकींकडे पाठ असताना, तीच ओळ लावली. त्यातली एक भाग्यश्री. शनिवारी पाचवीने.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?" साधनाने भाग्यश्रीला विचारलं. ही लहानपणी चौथीपर्यंत शाळेत गेलेली, हिच्याशी सरळ बोलता यायचं.

"कोनी नाई मॅडम. अक्षरं फिरवता फिरवता लागते."

"आणि अर्थ काय त्याचा?"

भाग्यश्रीने मान खाली घातली. "तुमाले नाई माहीत?" तिने हळूच विचारलं. त्या प्रश्नात खोडी नव्हती. काळजी होती, आणि साधनाला त्याचाच जास्त राग आला.

त्या दिवशी ग्रुपवर टाकायला फोटो काढताना तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. मोबाइलच्या चौकटीत सहा डोकी होती आणि त्यातली पाच झाकलेली होती. उघडं डोकं एकच, गोकुळाबाईचं, पिकलेल्या केसांचं.

"पदर काढा," ती म्हणाली. "काय ठरलं होतं आपलं?"

पाचजणींनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीच पदर काढला नाही. शकुबाईने तर तो आणखी पुढे ओढला.

"उन्ह लागून राह्यलं असंन तुमाले," गोकुळाबाई त्यांना म्हणाली. "माह्या डोक्यावर तं आता कोनी मोठा राह्यला नाई. मी कोनाले पदर घेऊ?"

३

साधना भुताखेताचं मानणारी बाई नव्हती. तिने शाळेच्या कपाटातली डिक्शनरी काढली, तिला वाळवी लागलेली होती पण टीची पानं शाबूत होती. शब्द नव्हता. तलावाच्या पाळीवर जाऊन मोबाइलवर शोधला. मोबाइलने विचारलं, तुम्हाला दुसरं काही म्हणायचं आहे का. गुणवंतरावांना फोटो पाठवून विचारलं तर त्यांनी अंगठा पाठवला.

संध्याकाळी आरमोरीच्या खोलीवर पोळ्या लाटता लाटता तिने नवऱ्याला, हेमराजला, फोनवर विचारलं. तो भद्रावतीला खाणीच्या ऑफिसात होता आणि महिन्यातून दोनदा यायचा.

"काही तरी गावातली भानगड असेल," हेमराज म्हणाला. "तुझी मजा घेऊन राहिल्या बाया. तू त्या शब्दाचं सोड, बदलीची यादी लागणार आहे या महिन्यात. चार वर्षं झाली. या वेळी नंबर आहे आपला."

ते खरं होतं. आंतरजिल्हा बदलीच्या त्या यादीवर दोघांनी चार वर्षं काढली होती. साधनाने पोळी उलटली आणि ठरवलं की भानगड गावातलीच आहे. मोहफुलांचे दिवस, बाया पहाटे तीनला उठून जंगलात वेचायला जातात, झोप नाही, डोक्यात तो गोड वास, वरून टिनाखाली भर दुपारी वर्ग. पाचजणींचं डोकं एकदम फिरायला एवढं पुरे.

पण सोमवारी ती वर्गाला लागून असलेली खिचडीच्या तांदळाची कोठी आत जाऊन पाहून आली. वर्गाच्या समोरच्या भिंतीला फळा आणि फळ्याच्या उजव्या अंगाला कोठीचं दार. दाराला पल्ला नव्हता, नुसती चौकट होती; पल्ला दोन वर्षांपूर्वी कोणीतरी काढून नेला होता. साधना शिकवताना कायम त्या दारासमोर उभी राहायची, कारण फळ्यापुढे टेबल होतं आणि टेबल हलवलं की त्याचा पाय निघायचा. आत तांदळाची सहा पोती, तेलाचे पिपे, मोडका तराजू, लोकसंख्येचा जुना तक्ता. खिडकी नाही. पोत्यांमागे तिने टॉर्च मारून पाहिला. उंदराच्या लेंड्या होत्या आणि तांदळाचा कोंदट वास होता. बाकी काही नव्हतं.

बाहेर आली तेव्हा बाया येऊन बसत होत्या. रोज त्या जागा मिळेल तशा बसायच्या. आज चटया दोन ओळींत होत्या, तीन इकडे, तीन तिकडे. मधली वाट मोकळी. ती वाट कोठीच्या दारापासून निघून सरळ बाहेरच्या दारापर्यंत जात होती.

"हे कोणी लावलं?"

"जायायेयाले बरं पडते," शकुबाई म्हणाली.

४

गोकुळाबाईची पाळी मंगळवारी आली.

त्या दिवशी उन्ह असं होतं की टिनाचे पत्रे टणटण वाजत होते. मधेच आवाज थांबायचा आणि मग तलावावरचा टिटवीचा ओरडा ऐकू यायचा. साधना 'टीअर' शिकवत होती. टी, ई, ए, आर. एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक डोळ्यांतलं पाणी आणि एक फाडणं. हे का, असं आशाबाईने विचारलं आणि साधना वैतागून म्हणाली, "इंग्रजांना विचारा."

कोणी हसलं नाही. तिने पाहिलं, गोकुळाबाई अक्षरं फिरवत होती. 'टी'च्या पुढे ती कधी गेली नव्हती, म्हणून साधनाला क्षणभर बरंच वाटलं. म्हातारीने टीच्या पुढे एस सरकवला. मग आर. बोट थोडं थबकलं. ई. ए.

गोकुळाबाई त्या ओळीकडे बघत राहिली. मग, कोणी अंगावर पाणी टाकावं तशी ती दचकून ताठ बसली, दोन्ही हातांनी पदर शोधला, डोक्यावर घेतला, आणि कपाळापर्यंत खाली ओढला. गावात जिच्यापेक्षा मोठं कोणी उरलं नव्हतं ती बाई चटईवरून कडेला सरकली. नजर तिने एकदाच वर केली. ती साधनाच्या तोंडाकडे नव्हती. साधनाच्या डाव्या खांद्याच्या जरा वर, मागे.

"गोकुळाबाई, तुम्हीसुद्धा?" साधना म्हणाली. तिच्या आवाजाला कंप होता आणि तो रागाचा आहे असं तिने स्वतःला सांगितलं. "तुम्ही तरी सांगा. काय आहे हा शब्द?"

"मॅडम," गोकुळाबाई अगदी हळू म्हणाली, "तुमी मंधात उभ्या आहा."

"कशाच्या मधात?"

"वाटेच्या. कवाचे थांबले आहेत ते. जरा बाजूले व्हा."

कोणी 'बाजूला व्हा' म्हटलं की अंग आपोआप हलतं. साधनाचा पाय तसाच हलला, वीतभर, टेबलाकडे. आणि तिने पाहिलं की सहाही बायांची नजर वीतभर पुढे आली. सहाजणींची, एकदम. चुलीवरचं दूध वर येताना बघतात तशी, सावकाश. भाग्यश्रीने पाय आवरून घेतले.

साधना परत जागेवर आली. नजरा मागे गेल्या.

तिने पुन्हा करून पाहिलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. का नाही, हे तिला पुढे अनेकदा स्वतःला विचारावं लागलं. तिच्या मानेला मागून कोठीतला कोंदट गारवा लागत होता आणि तो थोडा थांबून, पुन्हा लागत होता. तिने दीड वाजेपर्यंत तिथेच उभं राहून शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही. बाया उठून गेल्या तेव्हा एकेक करून भिंतीच्या कडेकडेने गेल्या, मोकळ्या वाटेवर कोणी पाय दिला नाही. शेवटची बाई दाराबाहेर पडली आणि साधनाच्या मानेवरचा गारवा त्याच क्षणी गेला. रिकाम्या खोलीत तिच्या मागे फक्त तांदळाची कोठी होती. तेव्हा तिने वळून पाहिलं. सहा पोती होती.

५

सातवी डबी तिच्या टेबलाच्या खणात होती. तिने ती एकदाही उघडून अक्षरं हातात घेतली नव्हती. ती फळ्यावर लिहायची.

बुधवारी सकाळची शाळा सुटल्यावर, बाया यायच्या आधी, ती डबी घेऊन बसली. भीती वाटत होती असं नाही म्हणता येणार. वैताग आला होता. पंधरा वर्षांची नोकरी, डीएड, इंग्रजीत बासष्ट मार्क, आणि परवापर्यंत अंगठा लावणाऱ्या सहा बायांना जे वाचता येतं ते आपल्याला येऊ नये. तिने सरळ ओळ लावली. टी, एस, आर, ई, ए. काही झालं नाही. पाच रंगीत प्लास्टिकचे तुकडे. तिने ओळ मोडली.

मग भाग्यश्रीचं बोलणं आठवलं, फिरवता फिरवता लागते. तिने न ठरवता फिरवायला सुरुवात केली. सीट झालं, रेट झालं. ईस्ट झालं. अक्षरं बोटांना कोमट लागत होती, उन्हात राहिल्यासारखी. रेस्ट. टार. बोटं आपली फिरत राहिली आणि तिचं लक्ष भिंतीवरच्या पालीकडे गेलं. पाल फळ्यावरून कोठीच्या दाराकडे निघाली होती आणि दाराच्या चौकटीशी येऊन अडली. थोडं थांबली आणि आल्या वाटेने परत गेली.

साधनाने खाली पाहिलं तर ओळ लागली होती.

आणि तिने ती वाचली. सहज, दुकानाची पाटी वाचावी तशी. जिभेला कुठे अडखळायलाच झालं नाही. तो शब्द तिला लहानपणापासून माहीत होता. फक्त इंग्रजीत माहीत नव्हता. आजोळी अंगणात खेळताना आतून खाकरण्याचा आवाज यायचा आणि सगळ्या बाया बोलता बोलता गप्प व्हायच्या, आई चुलीपुढे अंग चोरून घ्यायची. तो आवाज कोणाचा होता ते तिने कधी पाहिलं नव्हतं. हा त्याचा शब्द होता.

ती भानावर आली तेव्हा तिचा उजवा हात डोक्यावर होता. हातात ओढणीचं टोक होतं. केस झाकले गेले होते. आपण कधी झाकले ते तिला कळलं नव्हतं, आणि सासऱ्यापुढे जे सात महिने केलं नाही ते कोणी न सांगता केलं, हे कळल्यावर तिला रडू आलं. संतापाचं.

तिने ओढणी काढून खुर्चीच्या पाठीला गाठ मारून बांधली. सातही डब्या उघडल्या आणि सगळ्यांतले टी काढून पर्समध्ये टाकले. एक अक्षर नसलं तर शब्द होत नाही, एवढं तरी व्याकरण तिच्या हातात होतं.

दुपारचा वर्ग आटोपून परतताना वाटेत मोहाच्या झाडांखाली पालापाचोळा जाळलेला होता, फुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून. धुमसत होता. तिने स्कुटी थांबवली आणि सात टी त्यात टाकून दिले. प्लास्टिकचा घाण वास आला. ते पुरतं जळेपर्यंत ती उभी राहिली.

६

यादी लागली. साधनाचा नंबर होता, गाव भद्रावती तालुक्यातलंच. हेमराज फोनवर इतका खुश झाला की त्याला नीट बोलता येईना. गुणवंतराव म्हणाले, "एप्रिलअखेर कार्यमुक्त करतो. आनि मॅडम, त्या डब्या पहिलीच्या पोरायले वाटून टाका. त्यात टी नाई म्हनून रिपोर्ट आला, असं कसं? खुलासा द्या."

"हरवले, सर."

"सातही?"

"सातही."

पहिली आणि दुसरीचा वर्ग त्याच खोलीत भरायचा. सकाळी सात ते साडेअकरा साधना आता त्या दारासमोरून हलत नव्हती. पाणी प्यायला नाही, फळा पुसायला नाही. पोरांना काही दिसत नव्हतं. ती आपली दंगा करत होती. पण मानेवर तो गारवा यायचा, थांबायचा, यायचा. घाई नव्हती त्याला. मोठ्या माणसांना घाई नसते. आपण उठून वाट द्यायची असते. दुपारी बाया यायच्या, डोकी झाकून बसायच्या, आणि तिची नजर चुकवायच्या. कोणीच विषय काढत नव्हतं. तिच्या पायांच्या पोटऱ्या सुजल्या होत्या.

चाळिसाव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या वर्गाला, ती बोलता बोलता थांबली. खडू ठेवायलाही हात उचलवेना.

गोकुळाबाई उठली. ती भिंतीच्या कडेने गेली नाही. तिने मोकळ्या वाटेवर पाय दिला. बाकीच्या पाचजणींच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. म्हातारी हळूहळू चालत साधनाच्या पुढ्यात आली आणि तिच्या दंडाला धरून म्हणाली, "बसा मॅडम घडीभर. मी राहते उभी."

"तुम्हाला बीपी आहे."

"उभं राहाले काय बीपी लागते? बसा तिथी."

दोघींनी जागा बदलली. साधना एका बाजूने सुटली तोवर गोकुळाबाई दुसऱ्या बाजूने आत आली होती, मधे बोटभर फट पडू दिली नाही. वर्गाकडे तोंड, कोठीकडे पाठ. मग तिने पदर डोक्यावरून काढला आणि खांद्यावर टाकला. पिकले केस सुटून मोकळे झाले होते.

साधना तिच्या चटईवर जाऊन बसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा, भर वर्गात, तिचं तोंड कोठीच्या दाराकडे होतं.

"जा तुमी भद्रावतीले," गोकुळाबाई म्हणाली. "नवरा आहे, संसार आहे. आमी सहाजनी आहो. शकु तं तांदूळ निवडालेच बसते, इथीच बसंन. पाळी लावू." मग जरा थांबून, मागे न बघता, "दिसते काय, मॅडम?"

साधनाने पाहिलं.

कोठीच्या आत अंधार होता. दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडावर, बाहेरच्या बाजूला, बोटं होती. उंच माणूस बुटक्या दारातून वाकून येताना वर हात टेकवतो, डोक्याला लागू नये म्हणून, तशी. म्हाताऱ्या माणसाची बोटं, स्वच्छ, नखं नीट कापलेली. ती लाकडाच्या या टोकापासून सुरू झाली होती. साधना मोजत गेली आणि दुसरं टोक आलं तरी ती संपली नव्हती. त्यांच्या खाली, गोकुळाबाईच्या उघड्या डोक्याच्या मागे, कोणीतरी वाकलेलं होतं आणि तिचे केस श्वासाने हलत होते.

"नाही," साधना म्हणाली. "काही नाही तिथे."

"मंग शिकवा," गोकुळाबाई म्हणाली. "आनखी अर्धा तास आहे."

७

जूनअखेर शाळा उघडल्या. भद्रावतीच्या नव्या शाळेत साधनाला वेगळी खोली, पल्ला असलेली दारं आणि चालणारा पंखा मिळाला. हेमराज रोज घरी जेवायला यायचा. कोसमटोल्याच्या बायांनी पाळी लावली होती. कोठीच्या दारात एक बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची, शाळा सुटेपर्यंत. सुटली की जिची पाळी ती साधनाला मिस्ड कॉल द्यायची. दोन रिंग, बंद. म्हणजे आजचा दिवस गेला. सोमवारी आशाबाई, मंगळवारी भाग्यश्री, असं. साधना त्या दोन रिंग ऐकूनच चहा ठेवायची.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका बुधवारी फोन पावणेतीनला वाजला. शाळा सुटायला अजून दोन तास होते. साधना वर्गात होती. दोन रिंग झाल्या. तिसरी झाली, चौथी. तिने मुलांना वह्या काढायला सांगितल्या आणि फोन घेऊन व्हरांड्यात आली.

"गोकुळाबाई?"

पलीकडे वर्गाच्या वेळेचा कसलाच आवाज नव्हता. पहिली-दुसरीची तीस पोरं त्या खोलीत असायची आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

"मॅडम," गोकुळाबाई म्हणाली, "नवीन मॅडम लई चिडल्या आज. म्हनल्या, जायायेयाच्या वाटेत काऊन बसता, काही शिस्त आहे की नाई. मी सांगून पाह्यलं. त्याइनं माह्या दंडाले धरून मले बाजूले केलं."

"मग? गोकुळाबाई, मग काय झालं? पोरं कुठे आहेत?"

"बसून आहेत," गोकुळाबाई म्हणाली. "सगळे बसून आहेत." ती इतक्या खालच्या आवाजात बोलत होती, की साधनाला फोन कानात दाबून धरावा लागला; घरात मोठं माणूस येऊन बसलं की बायांचा होतो, तसा तो आवाज झाला होता.